टायगर्सला खेळाडू मिळेना

७ डिसेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहिलं की डोकं शांत राहतं, असं माझी बायको सोनाली म्हणते. माझं डोकं शांतच असतं. लोक ते तापवतात.

मोठा दिवस. दहिवली टायगर्सच्या सातही खेळाडूंच्या करारावर सह्या झाल्या. स्टॅम्पपेपर, फोटो, अंगठ्याची शाई, सगळं. खालापूर-कर्जत लीगमध्ये आजवर कुणी असा करार केलेला नाही. मजकूर मी स्वतः केला. तीन सीझन कुणी क्लब सोडायचा नाही. माझ्या रिलीज लेटरशिवाय दुसरीकडे खेळायचं नाही. परदेशात असंच असतं, मी मोबाईलवर पाहिलंय.

संतोष, म्हणजे सोनालीचा भाऊ आणि आमचा कोच, म्हणाला, "भावजी, ह्यात त्यांच्या बाजूचं काय आहे?" त्याला कलम नऊ दाखवलं. दुखापत झाली तर उपचार क्लब करणार. त्याने ते दोनदा वाचलं.

संध्याकाळी माझ्या सिमेंट-पत्र्यांच्या दुकानामागच्या खाचरात प्रॅक्टिस. कापणी झालेली, धसकटं पायाला लागतात, पण त्यानेच खेळाडू घट्ट होतो. स्ट्रायकरने गोलमध्ये कसं घुसायचं हे दाखवायला मी स्वतः उतरलो. हमदान गोलकीपर. बॉल त्याच्या हातात, माझा पाय हवेत. मग सुकी काठी मोडल्यासारखा आवाज. बघतो तर त्याचं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं आणि माझ्या नव्या बुटावर रक्त.

चूक त्याची. मालक येतोय हे बघून बाजूला व्हायला हवं होतं.

८ डिसेंबर

हमदानच्या मनगटाची दोन्ही हाडं गेली. प्लेट टाकावी लागणार. जितेश दुकानात आला होता. जितेश आमचा स्ट्रायकर. खोपोलीला कंपनीत आहे, गेल्या वर्षीचे बहुतेक गोल त्याचेच, म्हणून जरा चढलाय.

म्हणाला, "शेठ, कलम नऊ. हमदानला कुठल्या दवाखान्यात न्यायचा ते सांगा."

मी शांतपणे कलम वाचून दाखवलं. 'सामन्यात झालेली दुखापत' असं स्वच्छ लिहिलंय. प्रॅक्टिस म्हणजे सामना नव्हे. भाषेकडे लक्ष द्यायला नको?

तो म्हणाला, "पाय तुमचाच होता ना?" मी म्हणालो, पाय कुणाचा ते करारात कुठेही नाही. त्यावर त्याने माझी कॉलर धरली. दोन बटणं गेली. मालक म्हणून मला शिस्त लावणं भाग होतं. एक ठेवून दिली त्याच्या कानाखाली. त्यानेही एक दिली. मी मागे पत्र्यांच्या थप्पीवर गेलो. पडलो नाही, बसलो. पत्रे पडले.

ओठ सुजलाय. चहा डाव्या बाजूने पितोय.

१० डिसेंबर

जितेशने रिलीज लेटर मागितलं. दिलं नाही. तीन सीझन घरी बसून कुजू दे. त्याच्यामागे डिफेन्सचे दोघेही गेले. त्यांनाही लेटर नाही. सगळ्यांना कुजू दे.

काळजी अजिबात नाही. पनवेलचा एक क्लब नुकताच बंद पडला. त्यांचे चांगले चांगले खेळाडू मोकळे झालेत. फुटबॉलमध्ये ह्याला फ्री एजंट म्हणतात. ज्याला कुणी मालक नाही असा खेळाडू. आणि मालक नसलेल्या माणसाला मालकाची किती गरज असते! त्यात पोशा आहे. खोपोलीकडचा. डिफेन्सला उभा राहिला की रेड्यासारखा, अंगावर आलेला माणूस आपोआप आडवा. माझ्या स्वभावाला जुळणारा.

फोन केला. म्हणाला, शनिवारी शिळफाट्याला या. आवाजात आदर होता.

१३ डिसेंबर, शनिवार

शिळफाट्याला हॉटेलात पोशाला भेटलो. क्लबची जर्सी बरोबर नेली होती. पाठीवर त्याचं नाव आधीच छापून घेतलं. ह्याला म्हणतात कॉन्फिडन्स.

जर्सीकडे त्याने बघितलंच नाही. पहिला प्रश्न, "हमदानचा हात कसा हाय?"

मी विषय मैदानाकडे नेला, पोस्टरकडे नेला, चषकाकडे नेला. तो मिसळ खात राहिला. शेवटी म्हणाला, "शेठ, तुमच्याकडं हात मोडला तर तुमी घरी धाडता. आनि कोन जातो म्हनला तर सोडत नाय. मंग मानसानं करायचं काय?"

मी म्हणालो, खेळायचं.

तो उठून गेला. मिसळ माझ्या खात्यावर.

मोठी चूक हॉटेल निवडण्यात झाली. समोरच इद्रिसचं टायरचं दुकान. इद्रिस म्हणजे हमदानचा बाप. मला बघून बाहेर आला. हातात टायर काढायची पहार. आता तो कामातच होता, पहार असणारच हातात. मी गैरसमज नको म्हणून गाडीत बसलो आणि काच खाली करून कलम नऊ समजावायला लागलो. 'सामना' शब्दापर्यंत आलो आणि पहार बॉनेटवर आली. पत्रा आत गेला तो इंजिनाला टेकला. दुसरी हेडलाईटवर. तिसऱ्यांदा उचलली, माझ्याकडे बघितलं, आणि खाली ठेवली.

मला मारलं नाही. म्हणजे दबून आहे.

सोनालीला सांगितलं, म्हैस आडवी आली. ती बॉनेटवर हात फिरवत म्हणाली, "म्हैस बारीक होती."

१७ डिसेंबर

वाल्मिकला फोन. विंगर, हाही फ्री एजंट. म्हणाला, "शेठ, पाय दुखतोय." मी म्हणालो, औषध देतो. म्हणाला, "तुमच्याकडे आल्यावर दुखेल, आत्ता नाय." मागे कुणीतरी हसलं.

कलम नऊचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतोय. कर्जतपासून खोपोलीपर्यंत पोरं ते पाठ म्हणतात. दुकानात सिमेंट घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाने विचारलं, "गोणी फुटली तर सामन्यात फुटली का प्रॅक्टिसमध्ये?" त्याला गोणी फेकून मारली. ती फुटली. आता माझ्याकडच्या मालाची सगळीकडे चर्चा आहे.

प्रसिद्धी ही प्रसिद्धीच.

२१ डिसेंबर, रविवार

लीगची मीटिंग. कर्जतला, अध्यक्षांच्या घरी. अध्यक्ष येसाजीकाका, रिटायर्ड हवालदार, ऐंशीला आलेले, अजून चालताना जमीन हादरते. माझी मागणी साधी: माझ्या तिघांना कुठल्याही टीमने घ्यायचं नाही, आणि मोकळ्या खेळाडूंनी मला नकार द्यायचा की नाही ते मी ठरवणार.

येसाजीकाका म्हणाले, "गजा, पोराचा हात आधी नीट कर. बाकी दोन मिनिटांत मिटवतो." माझ्या करारावर चर्चा चालली असताना हात मध्ये कशाला आणायचा? मी टेबलावर मूठ आपटली. काच होती. आता नाही.

जितेश मागे बसला होता. म्हणाला, "शेठ, आमच्यातलं कुणी तुमच्याकडं परत येनार नाय, नवं पन नाय." बास. मी खुर्ची उचलली. फोल्डिंगची, हलकी, फेकायला छान. जितेश खाली वाकला. संतोष नाही वाकला. तो भांडण सोडवायला मध्ये येत होता. कपाळ फुटलं. रक्ताने शर्ट असा भिजला की आधी वाटलं शर्ट लालच होता.

टाके पडले. आमच्या सोफ्यावर पडलाय. त्याला म्हणालो, कोचने प्रतिस्पर्ध्याची हालचाल आधी ओळखली पाहिजे. सोनाली उठून आत गेली. तिचा भाऊ आहे, वाईट वाटणारच. नेम माझा नेहमी असा नसतो.

संकल्प: रागावायचं नाही. तरी खुर्च्या हाताशी असतील तिथेच उभं राहायचं.

२८ डिसेंबर, रविवार

फ्री एजंट का येत नाहीत यावर खोल विचार केला. उत्तर सापडलं. त्यांना वाटतं हा मालक कमजोर आहे, खेळाडू ह्याला सोडून जातात. धाक बसला की आपोआप येतील. म्हणजे जितेशला सगळ्यांदेखत मैदानावरून उचलून आणायचा.

दुकानातले दोन हमाल घेतले, टेंपो घेतला, फावड्याचे तीन नवे दांडे घेतले. खालापूरच्या अलीकडे एका खाचरात जितेश आणि इतर प्रॅक्टिस करतात. पोशा आणि वाल्मिकही होते. प्रेक्षक आयतेच.

टेंपोतून उडी मारली. थोडी चुकली, गुडघ्यावर आलो, पण दांडा सोडला नाही. मागे वळून हमालांना हाक दिली. त्यातला एक जितेशला म्हणत होता, "काय रं, बरा हायस ना?" दोघेही त्याच्या गावचे निघाले. भरती करताना हे विचारायला हवं.

मग मी एकटाच धावलो. पोशा मध्ये आला, त्याच्या दंडावर एक. वाल्मिकच्या पाठीत एक. जितेश जागचा हललाच नाही. त्याच्या भुवईवर बसला. कातडी उघडली, आतलं पांढरं दिसलं, मग सगळं लाल. डोळा भरला, हनुवटीवरून थेंब पडायला लागले. त्याने हात वर केला नाही. म्हणाला, "मार. सही केलीय ना मी. मार अजून."

सगळे थांबले होते. बॉल लांब बांधाला जाऊन टेकला होता, तो आणायला कुणी गेलं नाही.

मी दांडा टाकला. कारण मुद्दा सिद्ध झाला होता.

पोशाने त्याला बसवलं, स्वतःचा शर्ट काढून डोळ्यावर दाबून धरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जावा आता. नायतर मी विसरन तुमी कोन हाय ते."

घरी येताना टेंपो माझ्याच हातून तीनदा बंद पडला. यंदा थंडी जास्त आहे.

२ जानेवारी

हमदानचं ऑपरेशन झालं. माझा त्यात काही सहभाग नाही, हे नोंदवून ठेवतो. नंतर वाद नको.

दुपारी त्याची आई नूरबानो दुकानात आली. मला वाटलं बिल घेऊन आली. उत्तर तयार ठेवलं. तिने एक्सरे काढला आणि ट्यूबलाईटसमोर धरला. प्लेट, स्क्रू, सगळं दिसत होतं. काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून म्हणालो, स्क्रू दर्जेदार वापरलेत.

ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, मूठ पूर्ण मिटणार नाही. बापाच्या दुकानात पान्हा धरता येईल का ते पण माहीत नाही." मग म्हणाली, "मला तुमच्याकडून काही नको शेठ. त्याला ते सोडल्याचं पत्र द्या. रोज विचारतो, अम्मी, मी अजून त्यांचाच आहे का?"

मी म्हणालो, ज्याचा हात मिटत नाही त्याला रिलीज लेटर कशाला? खेळणार कुठे?

एक्सरे गुंडाळून ती गेली. रडली नाही. आरडाओरडा नाही. असले लोक मला समजत नाहीत.

सोनाली मागे उभी होती. मी तिला म्हणालो, बघितलंस, कसं शांतपणे हाताळलं. तिने ठेवून दिली. पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. उघड्या हाताने, पूर्ण खांद्यातून. मी सळयांवर गेलो. कानात अजून शिट्टी वाजते.

फाऊल नक्की काय होता, ते तिने सांगितलं नाही.

११ जानेवारी, रविवार

पहिला सामना. मैदान शिळफाट्याचं. टीम उतरवली नाही तर लीगमधून बाहेर, म्हणून उतरवली. खेळाडू असे: डोक्याला पट्टी बांधलेला संतोष (आलाच पाहिजे म्हणून दम दिला), माझा चुलतभाऊ, टेंपोचा ड्रायव्हर, टायगर्समध्ये उरलेले तिघे, त्यातला एक तापाने फणफणलेला. गोलमध्ये मी. पोशा, वाल्मिक, कुणी आलं नाही. म्हणजे आले होते, पण दोरीच्या पलीकडे. जितेशही. भुवईवर टाके. एवढे खेळाडू बाहेर उभे आणि आत माझा चुलतभाऊ. लीगचा दर्जा घसरतोय.

हाफटाईमपर्यंत नऊ-शून्य. दुसऱ्या गोलनंतर मी बॉलकडे बघणं सोडून पब्लिककडे बघत होतो. पब्लिक ओरडत होतं, "सोड! सोड!" आधी वाटलं बॉल सोड म्हणतात. म्हणून सोडले. मग कळलं, जितेशला सोड म्हणतायत. हमदानला सोड. पूर्ण मैदान.

मालकाचा अपमान म्हणजे क्लबचा अपमान. कॉर्नरचा झेंडा उपटला आणि दोरीवरून पलीकडे गेलो. पहिले दोन चांगले लागले. एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचा चष्मा. नंतर झेंडा माझ्या हातात नव्हता. कुणीतरी मागून पाय ओढला. मग फक्त बूट. बरगडीत, पाठीत, तोंडावर. तोंडात खडे आले असं वाटलं, थुंकले, दात होते. जबड्यातून तसाच आवाज आला, सुक्या काठीसारखा, फक्त ह्या वेळी आतून ऐकू आला. कुणीतरी छातीवर बसलं. ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. मरतो आता, असं एकदा वाटून गेलं. तेवढंच.

मग अंगावरचं वजन उचललं गेलं. पोशाने त्या माणसाला मानेला धरून बाजूला भिरकावलं. जितेश माझ्यावर ओणवा झाला होता, दोन लाथा त्याच्याच पाठीत बसल्या. तो ओरडत होता, "बास रं! मरंल तो!" दोघांनी मला उचलून रिक्षात टाकला.

शेवटी आले ना मदतीला. निष्ठा अशी कराराशिवाय येत नाही.

(हे सगळं आज हॉस्पिटलात लिहितोय. तारीख मॅचचीच ठेवली.)

१६ जानेवारी

घरी. जबडा बांधलाय. तीन बरगड्या. पातळ भात, वरणाचं पाणी. दुकानावरच्या खोलीत झोपवलंय, उशाशी पाटी आणि खडू, बोलायची बंदी. डॉक्टरांची पण आणि सोनालीची पण.

येसाजीकाका बघायला आले. खुर्चीत बसले, काठी मांडीवर. सोनालीला म्हणाले, "सूनबाई, मी कागद बघितले. लीगच्या रजिस्टरला क्लबचे मालक तुमी हाय. हा नाय."

हे खरं आहे. बाई मालक असली की लीगच्या पोस्टरवर मालकाचा फोटो मोठा छापतात. म्हणून तिच्या नावावर केला आणि फोटो माझा दिला. हुशारीचं काम होतं.

येसाजीकाका पुढे म्हणाले, "करारावर सही मालकाची लागते. ह्याची सही घालून उपेग नाय. म्हंजे एकपन करार झालाच नाय. पोरं पयल्या दिवसापासून मोकळीच व्हती."

मी उठायला गेलो. बरगड्यांनी बसवलं.

म्हणजे जितेश मोकळा, हमदान मोकळा. ज्याला मी दांड्याने मारलं तो माझा कुणी नव्हताच. सोनाली माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मी पाटीवर लिहून दाखवलं: तू आता सही कर, जुनी तारीख घाल. तिने पाटी घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि खाली नेली.

१९ जानेवारी

सोनाली सकाळीच शिळफाट्याला गेली होती. हमदानच्या घरी. संतोष बरोबर. परत आल्यावर विचारायला माझ्याकडे पाटी नव्हती. संतोषनेच सांगितलं. दार इद्रिसने उघडलं, पहार कोपऱ्यात होती, तिथेच राहिली. सोनाली म्हणाली, हाताचा इथून पुढचा सगळा इलाज क्लब करणार, प्रॅक्टिस असो, सामना असो, रस्ता असो. आणि ज्याला जायचंय त्याने जावं, पत्र लागणार नाही. इद्रिसने दोघांना आत घेतलं. मग नूरबानोने चहा टाकला.

मी असतो तर ही बोलणी फिसकटू दिली नसती. म्हणजे, दिली असती. वेगळ्या पद्धतीने.

२५ जानेवारी, रविवार

संध्याकाळी मागच्या खाचरात आवाज. खिडकीशी गेलो, भिंत धरत.

टायगर्स. पण भरलेले. जितेश आहे, भुवईवर गुलाबी रेघ. डिफेन्सचे दोघे परत. वाल्मिक. आणि पोशा! स्वतःहून आला, म्हणतात. परवा सोनालीकडे येऊन म्हणाला, "वयनी, जागा हाय का?" तिने विचारलं, कराराचं काय. तो म्हणाला, "हमदान येतोय ना, मंग ते कागदाचं नंतर बघू." कर्जतहून अजून दोघे विचारून गेले. जे मला महिनाभर फोन करून मिळाले नाहीत ते आता रांगेत उभे आहेत. पायाभरणी माझीच होती. फळ उशिरा येतं.

हमदान कडेला खुर्चीवर. हाताला पट्टा, बोटं अर्धी मिटलेली, तशीच हलवून नव्या कीपरला काहीतरी सांगत होता. सगळे हसले. काय बोलला ते इथवर आलं नाही. सोनाली पदर खोचून बांधावर उभी, गळ्यात शिट्टी.

पोशा डावीकडे फार पुढे जात होता. मूलभूत चूक. न सांगून कसं चालेल? खिडकी पूर्ण उघडली आणि जबड्यातून जमेल तसं ओरडलो. मागे! मागे! बाहेर पडताना नुसतं "माँ, माँ" असं काहीतरी झालं. कुणी वर बघितलं नाही. पुन्हा ओरडलो. सोनालीने शिट्टी मारली, खेळ दुसऱ्या बाजूला गेला. पुन्हा ओरडलो, बरगडीत कळ आली, खिडकीच्या गजांना धरून उभा राहिलो.

शेवटी पोशाने बघितलं. धावता धावता थांबला, कपाळाचा घाम पुसला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"शेठ, खिडकी लावून घ्या. बॉल लागंल."

लावून घेतली.